काना

डेल्फिनने नरहरीचा हात मनगटाशी धरला आणि सरळ नेऊन आनंदीबाईच्या उजव्या खांद्यावर ठेवला. नरहरीने तो चटका बसल्यासारखा मागे ओढला.

"धुतलाय ना हात, काका?"

"धुतलाय की."

"मग ठेवा. काकू चावत नाहीत."

यावर आनंदीबाईने छपराच्या वाशांकडे पाहत ओठ आणखी घट्ट मिटून घेतले. ती खाटेवर उताणी झोपली होती. मिठाच्या गरम पुरचुंडीने शेकून खांदा लालसर झाला होता. नरहरीने पुन्हा हात ठेवला, पण पानवेलीच्या कोवळ्या पानाला बोट लावावं आणि डाग पडेल की काय म्हणून भ्यावं, तसा.

"असा नाही, दाबून धरा," डेल्फिन म्हणाली. "हा खांदा लबाड असतो. आतला सांधा हलत नाही, मग हा अख्खाच कानाकडे चढतो आणि हात वर गेला असं भासवतो. त्याला चढू द्यायचं नाही. हा तुमचा एक हात पहाऱ्याला. दुसऱ्याने दंड धरा, कोपराच्या वर. आधी हलकेच बाहेर ओढायचं, म्हणजे सांध्यात जरा जागा होते. मग झुलवत झुलवत वर न्यायचा. झटका नाही द्यायचा."

नरहरीने दंड धरला. तो त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक लागला. कोपराच्या वरच्या अंगाला भाजल्याचा एक जुना डाग होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी पेज निवळताना तिच्या हातावर सांडली होती आणि त्याने धावत जाऊन कोरफड आणली होती. हा डाग आपण विसरून गेलो होतो, हे त्याला आत्ता कळलं.

"जिथे अडेल तिथे थांबायचं," डेल्फिन सांगत होती. "पुढे रेटायचं नाही आणि सोडायचंही नाही. नुसतं धरून ठेवायचं. काकूंनी श्वास सोडला की हात आपला आपण थोडा सरकतो. तेवढाच त्या दिवशी आपला."

"अडलंय हे मला कसं कळायचं?"

"काकू सांगतील ना. दुखायला लागलं की 'बस' म्हणायचं, काकू. 'बस' म्हटलं की काका थांबतील."

उंबऱ्यावर बसलेल्या मांजराने जांभई दिली. नरहरीने घसा खाकरला आणि विचारलं, की दुसरा एखादा शब्द नाही का चालणार.

डेल्फिनला हे चमत्कारिकच वाटलं. ती म्हणाली, शब्द कुठलाही चालेल, पण दुखत असताना माणसाच्या तोंडून लांबलचक काही निघत नाही. 'बस' आपला सोपा. मग तिने आपली पिशवी उचलली, मांजराला पायाने बाजूला सारलं आणि सायकलवर बसून पुढच्या घरी कुणाचा तरी गुडघा बघायला निघून गेली.

डेल्फिन ही शेजारच्या वाडीतल्या सिप्रियनची मुलगी. मुंबईला फिजिओथेरपी शिकून तिथल्याच एका इस्पितळात नोकरीला लागली होती. रविवारी वटारला घरी आली, की चर्चमधली मिस्सा आटोपून गावातल्या कंबरा आणि गुडघे तपासत फिरायची. फिजिओथेरपी हा शब्द तेव्हा गावात कुणाच्या जिभेवर बसत नव्हता. लोक तिला कौतुकाने मालिशवाली डॉक्टरीण म्हणत, आणि तिची आई ॲनी त्यातल्या पहिल्या शब्दावरून अर्ध्या गावाशी भांडून बसली होती.

आनंदीबाईचा खांदा उन्हाळ्यापासूनच धरत चालला होता. आधी पदर मागे नेऊन कमरेला खोचता येईना, मग अंबाडा घालता येईना, मग फळीवरचा डबा हाती येईना. रात्री त्या कुशीवर वळली की जीव कळवळे. तेलं झाली, लेप झाले, अर्नाळ्याच्या एका म्हातारीने अंगारा लावून पाहिला. खांदा कशालाच बधला नाही. डेल्फिनने हात इकडे तिकडे फिरवून पाहिला आणि सांगितलं, की खांदा गोठलाय. मोडलेलं काही नाही, सांध्याभोवतीचं आवरण आवळून आलंय, ते रोज थोडं थोडं सैल करायला हवं. झालं तर ठीक, नाहीतर मुंबईला नेऊन, भूल देऊन डॉक्टर हात फिरवून मोकळा करतात.

भूल म्हटल्यावर आनंदीबाईचा चेहरा उतरला. तिच्या थोरल्या बहिणीला एकदा भूल दिली होती आणि ती मग उठलीच नव्हती. डेल्फिनने ते ओळखलं असावं. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत घरीच करून बघू, हात कानाच्या वर गेला तर मुंबईचं नावही काढायला नको. पण आपण येणार आठवड्यातून एकदा, बाकीचे दिवस कुणीतरी करायला पाहिजे. घरात कोण कोण असतं?

"मांजर," आनंदीबाई म्हणाली.

हे काही खरं नव्हतं. मुलगा मधू नोकरीसाठी बडोद्याला होता हे कबूल, पण नरहरी त्याच वेळी ओटीवर बसून सुपारी कातरत होता. मात्र आनंदीबाईच्या लेखी तो घरात नव्हता. नसण्याला चौथं वर्ष लागलं होतं.

अबोला म्हटला की माणसांना आदळआपट आठवते. इथे तसलं काही नव्हतं. आनंदीबाई भांडी आपटत नव्हती, माहेरी जाऊन बसत नव्हती, जेवणात एक पदार्थ कमी करत नव्हती. तिने फक्त बोलणं काढून घेतलं होतं. अगदीच नड पडली तर ती मांजराला सांगे, की डाळ संपत आली आहे, किंवा पानवेलीच्या वाडीत कामाला असलेल्या काळूरामला म्हणे, "तुझ्या मालकाला विचार, मधूला पत्र टाकलं का." मालक तिथेच दोन हातांवर उभा असे. काळूराम इमानेइतबारे त्याच्याकडे वळून विचारी, "भाऊ, मधूदादाला पत्र टाकलं का?" आणि उत्तर त्याच वाटेने परत नेई. अशी नोकरी पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणाला नसेल, असं काळूरामचं म्हणणं होतं.

पूर्वी दुपारी नरहरी वाडीतून आला, हातपाय धुऊन आत आला, की पाट मांडून ती म्हणायची, "बसा." त्यात विशेष ते काय? सगळ्याच बायका म्हणतात. पण अबोला धरला तेव्हा पहिल्यांदा तो शब्द गेला. आता पाट मांडलेला असे, ताट वाढलेलं असे, पाण्याचा तांब्या डावीकडे असे. नरहरी क्षणभर पाटाशी उभा राही आणि मग आपणहूनच बसे. रात्रीचं अंथरूण त्याने ओटीवर नेलं होतं. माजघरातल्या खाटेवर ती एकटीच झोपे.

कारण गावाला माहीत होतं आणि गावाला त्यात काही मोठंसं वाटत नव्हतं. केळव्याहून आनंदीबाईच्या माहेरचा निरोप आला होता, की आईचं काही खरं नाही, आनंदीला पाठवा. तिने दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि ती बाहेर आली. त्या दिवशी पानं खुडलेली होती. खुडलेलं पान थांबत नाही. करंड्या बांधून विरारला आगगाडीवर चढवाव्याच लागतात. नरहरी अंगणात करंडी बांधत होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "बस जरा. करंड्या जाऊ दे, मग दोघं मिळूनच निघू."

तो काही वाकड्यात बोलला नव्हता. ओट्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन ती बसली. करंड्या गेल्या, आणि त्यापायी दुपारची शटलही गेली. संध्याकाळच्या गाडीने दोघं पोचली तेव्हा आईला खाली घेतलेलं होतं. शेवटपर्यंत दाराकडेच डोळे लावून होत्या, असं भावजय म्हणाली. भावजया असं म्हणतातच. पण ते खरं नव्हतं असंही कुणी म्हणू शकत नव्हतं.

तेरावा करून परत आल्यावर आनंदीबाई त्याच्याशी बोलली नाही. पहिले काही दिवस तो विचारत राहिला, मग चिडला, मग त्याचंही तोंड बंद झालं. चूक त्याला कळली नव्हती असं नाही. कळली होती म्हणूनच तोंड उघडत नव्हतं. त्या पायरीवर ती पिशवी घेऊन बसलेली त्याला अजून दिसे, आणि म्हणूनच त्याने डेल्फिनकडे दुसरा शब्द मागितला होता.

सोमवारी सकाळी आनंदीबाईने आपलं आपण मीठ गरम केलं, पुरचुंडीने खांदा शेकला आणि खाटेवर जाऊन पडली. मांजराला म्हणाली, "ज्यांना यायचं त्यांनी यावं." नरहरी दोनदा हात धुऊन आत गेला. डेल्फिनने खाटेच्या कडेला बसून करायला सांगितलं होतं, पण त्या खाटेवर बस असं त्याला कुणी म्हटलेलं नव्हतं. तो उभ्यानेच वाकला.

हात वर जाऊ लागला. नरहरी कान देऊन 'बस' ऐकू येण्याची वाट बघत होता. ते आलं नाही, म्हणून त्याने आणखी वर नेला. तेही आलं नाही. मग त्याला दिसलं, की तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याचा ओघळ कानाकडे चालला आहे. त्याने घाबरून हात एकदम सोडला, तेव्हा मात्र ती कण्हली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने धसकाच घेतला. हात वीतभर उचलायचा आणि ठेवायचा, उचलायचा आणि ठेवायचा. बाकीचे व्यायाम आनंदीबाई एकटी करत होती, ते बरे चालले होते. भिंतीवर बोटांनी चढायचं होतं. टेबलावर डावा हात टेकून, वाकून, उजव्या हातात भरलेला तांब्या घेऊन घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा होता. पहिल्या दिवशी तांब्यातलं निम्मं पाणी मांजराच्या अंगावर गेलं. पण नवऱ्याने करायचं ते जिथल्या तिथे होतं, आणि रविवारी डेल्फिनने तिला भिंतीशी उभं करून पाहिलं तेव्हा बोटं गेल्या रविवारी भिंतीवर केलेल्या खुणेच्या वर सरकली नव्हती.

मधल्या दिवसांत डेल्फिनला आईकडून सगळी हकीकत कळली होती. नरहरीला वाटलं, आता ही तरी शब्द बदलील. तिने बदलला नाही. आनंदीबाईचा दंड हातात घेऊन, तो झुलवता झुलवता, सर्दीपडशाबद्दल बोलावं अशा आवाजात ती म्हणाली,

"काकू, काकांवर रागवायचं तर खुशाल रागवा. पण तो राग खांद्यात नका ठेवू. तिथे आधीच जागा नाही."

आनंदीबाईने मान भिंतीकडे वळवली.

बोलली नाहीच ती. पण नरहरी पानवेलीत जन्म काढलेला माणूस. वेलीला काय हवं-नको ते वेल सांगत नाही, बघावं लागतं. त्या आठवड्यात कधीतरी त्याच्या ध्यानात आलं, की हात अडणार असला की त्याच्या अंमळ आधी तिच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळतो. तो वळला की थांबायचं, सरळ झाला की झुलवायचं. तो एक डोळा अंगठ्यावर ठेवून काम करू लागला आणि हात खरोखरच चढू लागला. पुढच्या रविवारी बोटं खुणेच्या चांगली चार अंगुळं वर गेली.

"काकू बोलायला लागल्या वाटतं?" डेल्फिनने ओटीवर येऊन हळूच विचारलं.

नाही, नरहरी म्हणाला.

"मग तुम्हाला कळतं कसं?"

त्याने सांगितलं नाही, पण त्याची नजर आत, खाटेच्या पायथ्याकडे गेली. आनंदीबाई आतून बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो हात धुऊन आत आला तर तिने पाय चादरीखाली घेतलेले. ऐन आश्विनातला उकाडा, कौलं तापलेली, आणि ही कमरेपर्यंत चादर ओढून पडलेली. नरहरीला हसूच फुटलं. त्या खोलीत हसू येण्याची गोष्ट इतक्या वर्षांत घडली नव्हती. त्याने ते खोकल्यात घालवलं. ती वाशांकडेच बघत होती, पण तिचे ओठ मिटलेले होते ते नेहमीसारखे नव्हते, असं त्याला वाटून गेलं. वाटण्यावर काय जातं?

आता अंगठाही गेला तेव्हा त्याने डोळे मिटले आणि हातालाच विचारायचं ठरवलं. चार दिवस काही कळलं नाही. मग कळू लागलं. अडण्याच्या आधी दंडातली एक शीर ताठ व्हायची, चुलीवरचं दूध उतू जाण्याआधी जसं क्षणभर थबकतं तशी. तिथे थांबलं की ती शीर हळूहळू मऊ पडे आणि आनंदीबाई श्वास सोडी. त्या श्वासाबरोबर हात सरके. नरहरीला या श्वासाची सवय लागली. दिवसभर वाडीत पाणी सोडताना, वेली बांधताना, मधूनच त्याला तो ऐकू आल्यासारखं होई. इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्याला तिचं एवढंही ऐकायला मिळालं नव्हतं, आणि आता मिळत होतं, याचं त्याला सुख वाटे. सुख वाटतं याची लाजही वाटे.

पण कानापाशी येऊन हात अडला तो अडलाच. दिवाळी तोंडावर आली. डेल्फिनने तपासलं आणि सांगितलं, की हा शेवटचा अडसर चिवट असतो, इथे झुलवून भागत नाही. अडेल तिथे धरायचं आणि बराच वेळ धरूनच ठेवायचं. मध्येच सोडलं की आवरण पुन्हा आवळतं, केलेलं फुकट जातं. या आठवड्यात सुटला तर सुटला, नाहीतर आपण मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून ठेवते. भूल हा शब्द तिने उच्चारला नाही, पण आनंदीबाईने डाव्या हाताने खाटेची कड धरली ती बराच वेळ सोडली नाही.

त्याच आठवड्यात दिवाळीची पानं खुडली. गुजरातकडून मागणी होती. पहाटेपासून काळूराम आणि त्याची माणसं करंड्या बांधत होती. सकाळची गाडी गाठायची तर उन्हं अंगणात येण्याआधी बैलगाडी निघायला हवी होती, आणि बरोबर नरहरीने जायला हवं होतं. स्टेशनावर माल चढवून घ्यायचं काम दुसऱ्या कुणाला जमत नसे. तो मधूनमधून अंगणात जाऊन गाठी ओढून बघत होता. शेवटी काळूराम म्हणाला, की आता थोडंच राहिलं आहे, तेव्हा तो आत आला. तेवढ्यात होईल असं त्याला वाटलं.

आनंदीबाई शेक घेऊन पडली होती. चादर पायांवर होती. बाहेरची लगबग तिला ऐकू येत असणारच.

एक हात खांद्यावर पहाऱ्याला ठेवून नरहरीने दुसऱ्या हाताने दंड धरला, हलकेच बाहेर ओढला, झुलवत वर नेला. कानापाशी शीर ताठ झाली. तो थांबला. त्याने डोळे मिटले. ती शीर आज एकदम मऊ पडत नव्हती, पण त्याच्या बोटांखाली काहीतरी सुटायच्या बेतात होतं, खात्रीने होतं.

"भाऊ," काळूराम मागल्या दारातून म्हणाला, "करंड्या चढवल्या. बैल जुंपलेत."

नरहरीने डोळे उघडले नाहीत.

"भाऊ, गाडी जाईल."

आणि नरहरीच्या हाताखाली तिचा दंड लाकडासारखा कडक झाला. त्याने रेटलं नव्हतं, हलवलंही नव्हतं. दुखून झालेला कडकपणा आता त्याच्या ओळखीचा होता, हा तो नव्हता. ती वाट बघत होती. आता हा काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं, आणि ते ऐकायची तयारी करून ती पडून राहिली होती. पायरीवर बसली होती तशीच.

"जाऊ दे," नरहरी म्हणाला.

"आं?"

"गाडी जाऊ दे. बैल सोड. करंड्या उतरवून सावलीला ठेव, पाणी शिंपड."

काळूराम दारातच घुटमळला. त्याने आयुष्यात असलं ऐकलं नव्हतं. "पानी मारून किती टिकनार, भाऊ? दिवालीचा माल हाय. मी नेतो पायजे तर बैलगाडी पुडं, तुमी मागनं सायकलीनं..."

"काळूराम," नरहरी म्हणाला, "हिचा हात धरलाय मी. मध्ये सोडता येत नाही."

काळूराम आणखी थोडा वेळ उभा राहिला असावा. मग त्याची पावलं अंगणात गेली, आणि बैलांच्या मानेवरून जू उतरवल्याचा आवाज आला. एकेक करंडी खाली येऊ लागली. नरहरी डोळे मिटून उभा होता. पानं काळी पडतील, व्यापारी बोंब मारील, हे सगळं त्याच्या डोक्यात आलं आणि बाजूला सरलं. कमरेत कळ येत होती. वाकून उभं राहायचं त्याचं वय उरलं नव्हतं. तरी त्याने हात हलू दिला नाही.

दंड किती वेळ तसा कडक होता कोण जाणे. मग तो पडत्या वाऱ्यासारखा सैल होत गेला.

"बसा."

नरहरी थांबला. म्हणजे थांबलेला होताच, पण त्याने श्वासही रोखून धरला. तिचा आवाज खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखा आला होता. इतके दिवस ज्या शब्दाची तो कान देऊन वाट बघत होता तो आला, आणि आला तो तिला दुखलं म्हणून, या विचाराने त्याला वाईट वाटलं.

"दुखलं का गं?" त्याने विचारलं. "खाली घेऊ?"

आनंदीबाई वाशांकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि चौथ्या वर्षी पहिल्यांदा नीट त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे कानशिलाकडचे केस सगळे पांढरे झाले होते.

"बस नाही म्हटलं," ती म्हणाली. "बसा म्हटलं."

शब्दाला काना होता. तो त्याने ऐकला होता, पण स्वतःच्या कानांवर त्याचा विश्वास बसला नव्हता.

तिने डाव्या हाताने चादर बाजूला सारली आणि पाय पलीकडे घेऊन जागा केली. नरहरी दंड न सोडता, खांद्यावरचा हातही न काढता, आधी एक गुडघा टेकून आणि मग हळूच, खाटेच्या कडेला बसला. खाट करकरली. अंगणात काळूराम करंड्यांवर पाणी शिंपडत होता, त्याचा शिडकावा ऐकू येत होता.

"कंबर अवघडते तुमची," आनंदीबाई म्हणाली. "रोज बघते मी."

तिने डोळे मिटले आणि श्वास सोडला. नरहरीने ओढलं नव्हतं आणि रेटलंही नव्हतं. हात कानावरून आपला आपण पुढे सरकला.